'तुमच्या साइजमध्ये नाही!'

मालाड स्टेशनहून २७१ क्रमांकाची बेस्ट बस पकडली की मालवणी, आक्सा, एरंगळ मागे टाकत ती मढला येते. मुंबई उपनगराचं हे पश्चिमेचं टोक. पुढे समुद्र आणि खाडीपलीकडे वेसावे. या एकाच रस्त्यावर दोन जगं शेजारी नांदतात. एक कोळीवाड्याचं, जिथे पावसाळा सरला की बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. दुसरं चित्रीकरणासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांचं, जिथे मालिकांमधली सासरं आणि माहेरं उभी राहतात. कोळीवाड्यातली पन्नाशीची बाई खांद्याने रुंद, दंडाने भक्कम, कमरेने भरलेली असते, आणि डोक्यावर पाटी घेऊन निघाली की तिच्या अंगाकडे कुणी मुद्दाम बघत नाही. मालिकेतली नायिका मात्र चवळीची शेंग असते. जाड बाई असलीच तर ती मोलकरीण, शेजारीण किंवा सतत लाडू खाणारी आत्या.

संध्याकाळी तीच मालिका कोळीवाड्यातल्या घरांत लागते. आई भात टाकत असते, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बघत असते. आईचाच बांधा घेऊन वाढणाऱ्या या मुलीला आपलं शरीर हा विनोदाचा विषय आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिला कॉलेजात जायचं असतं, मैत्रिणींसारखी जीन्स घालायची असते. बाजारातल्या दुकानात विक्रेता तिच्याकडे एकदा बघतो आणि घडी न मोडताच सांगतो, 'तुमच्या साइजमध्ये नाही!'

कपड्यांतलं मला फारसं कळत नाही. ॲप्रनखाली डॉक्टरने काय घातलंय हे तसंही कुणी बघत नाही. तरी आरोग्याच्या सदरात 'प्लस साइज' फॅशनबद्दल लिहिते आहे, कारण हे वाक्य ऐकून परत फिरलेल्या मुली आणि बायका पुढे कधीतरी आमच्या ओपीडीत येतात. बऱ्याचदा फार उशिरा येतात.

जाड माणसासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. बाळ असेल तर ते 'गुटगुटीत'. घरातला कर्ता पुरुष असेल तर 'भारदस्त', 'खात्यापित्या घरचा'. बाळंतीण असेल तर 'अंग धरलंय हो'. मात्र लग्नाच्या वयाची मुलगी असली की तेच अंग 'ढोली', 'जाडी', 'टुणटुण' होतं. हे टुणटुण नाव ज्यांच्यावरून आलं त्या उमादेवी मुळात पार्श्वगायिका. १९४७ सालच्या 'दर्द' चित्रपटातल्या गाण्याने त्या देशभर पोचल्या होत्या. पुढे त्या विनोदी भूमिका करू लागल्या आणि लोकांच्या लक्षात गळा राहिला नाही, घेर राहिला. इतका की त्यांचं पडद्यावरचं नाव शाळेच्या मैदानावरची शिवी झाली. आमच्या लहानपणी सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. पहिला नंबर बहुतेक वेळा सगळ्यात गोल बाळाचा यायचा. त्याच बाळाला चौदा वर्षांनी सोसायटीच्या गच्चीवर कुणी खेळायला घेत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

कपड्यांच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्या आज्यांच्या कपड्यांना साइज नव्हती. नऊवारी लुगडं म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर सरळ कापड. ते कृश बाईलाही तेवढंच आणि स्थूल बाईलाही तेवढंच. फरक निऱ्यांत पडायचा. चोळी गावातला शिंपी अंगावरून माप घेऊन शिवायचा. कापड माणसाप्रमाणे बेतलं जायचं. तयार कपडे आले आणि माणसाने कापडात बसायचं असा उलटा कारभार सुरू झाला. त्यातही आपल्याकडच्या ब्रँडांनी एस, एम, एल ही मापं बऱ्याच अंशी ब्रिटन, युरोप, अमेरिकेच्या तक्त्यांवरून घेतली. भारतीय बाईचे खांदे त्यामानाने अरुंद, उंची कमी, पण पोट आणि कंबर भरलेली. त्यामुळे कमरेला बसणारा कुर्ता खांद्यावरून घसरतो आणि खांद्याला बसणारा पोटावर अडतो. हा दोष तक्त्याचा आहे, पण ट्रायल रूममधल्या आरशासमोर तो बाईला स्वतःचा वाटतो. भारतीयांच्या शरीराची स्वतंत्र मापं घेण्यासाठी निफ्टने 'इंडिया साइज' नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांतल्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची अशी त्याची आखणी. स्वातंत्र्यानंतर इतकी दशकं आपण परक्याच्या मापाचे कपडे घालत होतो, हे त्यानिमित्ताने निदान कागदावर आलं. आणि हो, 'फ्री साइज' असं लेबल लावलेला गाऊन कोळीवाड्यापासून लोखंडवालापर्यंत सगळीकडे मिळतो. अनेक बायकांच्या वाट्याला आलेली फॅशन तेवढीच.

हे बदलायचा प्रयत्न आपल्या शहरात झालेला आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्रथमच खास प्लस साइज मॉडेल्सचा शो झाला. कपडे केले होते 'लिटल शिल्पा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पा चव्हाण यांनी, आणि मॉडेल्स निवडल्या होत्या खुल्या चाचणीतून. त्याच वर्षी सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार' आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी वजन वाढवलं होतं, आणि मला आठवतं ते हे की चित्रपटापेक्षा जास्त चर्चा त्यांनी ते किती वाढवलं आणि कसं उतरवलं याचीच झाली. मग जानेवारी २०२१ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तल्या वनिता खरात यांचं एका कॅलेंडरसाठी काढलेलं छायाचित्र आलं. अंगावर कपडे नाहीत, हातात पतंग, चेहऱ्यावर संकोचाचा लवलेश नाही. 'कबीर सिंग'मध्ये मोलकरणीच्या छोट्या भूमिकेत प्रेक्षकांनी ज्यांना हसून घेतलं होतं त्याच या अभिनेत्री. कौतुक खूप झालं, शिवीगाळही झाली. कपड्यांवरच्या लेखात कपडे नसलेल्या छायाचित्राचा दाखला देणं विचित्र आहे खरं. पण ज्या शरीराने झाकून राहायचं अशी अपेक्षा असते, ते शरीर स्वतःहून समोर आलं की समाजाला नेमकं काय खुपतं ते त्या आठवड्यात उघड दिसलं.

खुपणाऱ्यांतले सगळेच टवाळ नसतात. काहीजण काळजीने विचारतात, त्यांत माझे सहकारी डॉक्टरही आहेत: जाड मॉडेल्सना रॅम्पवर चालवून आपण लठ्ठपणाचं उदात्तीकरण करत नाही का? देशात मधुमेह एवढा वाढत असताना लोकांना थोडी लाज वाटली तर बरंच नाही का? त्यातून ते वजन कमी करतील.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मतांवर सोडायची गरज नाही. अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नाशीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या ६,००० हून अधिक लोकांची २००६ ते २०१० अशी चार वर्षांची माहिती तपासली. वजनावरून आपल्याला वाईट वागणूक मिळते असं ज्यांनी सांगितलं होतं आणि जे सुरुवातीला लठ्ठ नव्हते, ते चार वर्षांनी लठ्ठ झालेले असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. जे आधीच लठ्ठ होते ते तसेच राहण्याची शक्यताही जास्त होती. लाजेने वजन उतरलं नाही, चढलं. याची कारणं कुठल्याही ओपीडीत सापडतात. अपमान हा शरीराच्या दृष्टीने ताणच असतो. ताणात कॉर्टिसॉल वाढतं, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं, झोप बिघडते. शिवाय हसणारे लोक ज्या ठिकाणी असतात त्या ठिकाणी माणूस जायचं टाळतो. मैदान, जिम, पोहण्याचा तलाव, आणि दवाखाना. २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक निवेदन प्रसिद्ध झालं. वजनावरून होणारी हेटाळणी थांबवा असं सांगणाऱ्या त्या निवेदनाला जगभरातल्या शंभराहून अधिक वैद्यकीय आणि वैज्ञानिक संस्थांनी पाठिंबा दिला. डॉक्टर मंडळी एरवी इतक्या एकमताने फारसं काही बोलत नाहीत.

मुंबईकरांना २०१७ ची महापालिका निवडणूक आठवत असेल. मतदानाच्या दिवशी एका नामवंत व्यक्तीने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचं छायाचित्र टाकून बंदोबस्ताच्या 'वजना'वर कोटी केली. मुंबई पोलिसांनी लगेच सांगितलं की हा अधिकारी आमचा नाही. तो निघाला मध्य प्रदेशचा, वजन १८० किलोच्या आसपास. आपलं वजन खाण्यामुळे नव्हे, तर आजारपणामुळे वाढल्याचं तो पत्रकारांना सांगत राहिला. नंतर मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती व्हायला देशभर हसं व्हावं लागलं, आणि 'बघा, टिंगलीचा फायदा झाला' असंही काहींनी ऐकवलं. एक माणूस प्रसिद्धीच्या झोतात आला म्हणून त्याला उपचार मिळाले. ज्यांच्यावर रोज गल्लीत कोट्या होतात त्यांना कुठला सर्जन फोन करतो?

टिंगलीचा शेवट कुठे होतो ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मढकडची, मासळी विकणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. नंतर पुन्हा अधूनमधून रक्तस्राव सुरू झाला आणि तिने तो आठ महिने अंगावर काढला. का, असं विचारलं तर म्हणाली, 'मागे कान दुखत होता म्हणून एका दवाखान्यात गेले होते, मॅडम. कान राहिला बाजूला. डॉक्टर म्हणाले, आधी वजन कमी करा. बाकड्यावर चढताना तिथल्या पोरी हसल्या.' कानासाठी एवढं, तर खालच्या तपासणीला काय होईल, असा तिचा हिशेब. शेवटी तिच्या सुनेने तिला हात धरून आणलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. नशीब एवढंच की हा कर्करोग वेळेत रक्तस्रावाने सूचना देतो; तिची शस्त्रक्रिया झाली. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. वजन आणि ज्या कर्करोगांचा सर्वात घट्ट संबंध आहे त्यांत हा वरच्या क्रमांकावर येतो, कारण चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात आणि ते गर्भाशयाच्या अस्तराला वाढायला लावतं. म्हणजे जिला तपासणीची गरज जास्त, तिलाच तपासणीच्या टेबलापासून लांब ठेवण्याची व्यवस्था आपण केली आहे. पाळी पूर्ण थांबल्यानंतर एकदाही रक्त दिसलं तर दाखवायलाच हवं. वजन काहीही असो.

रुग्णालयांतही 'तुमच्या साइजमध्ये नाही' हे वाक्य आहे, फक्त ते कुणी मोठ्याने म्हणत नाही. तपासणीचा गाऊन मागे मिटत नाही. हात असलेल्या खुर्चीत बसता येत नाही. वजनकाटा ओपीडीच्या दारात, सगळ्या रांगेसमोर, आणि आकडा ओरडून सांगायची पद्धत. सगळ्यात गंभीर गोष्ट रक्तदाबाच्या पट्ट्याची. दंड जाड असेल आणि पट्टा साधा असेल तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२३ मध्ये हे नेमकं मोजलं. ज्यांना सर्वात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा सरासरी जवळपास २० अंकांनी जास्त आला. २० अंक म्हणजे १२५ चे १४५. धडधाकट बाईला आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते, ती घेऊन चक्कर येऊ शकते. पुष्कळ ठिकाणी मोठा पट्टा असतो, पण तो कपाटात असतो आणि किल्ली दुपारच्या पाळीकडे. हे वाक्य वाचून सरकारी नोकरीतले वाचक हसतील. त्यांना माहीत आहे.

आता कपड्यांचा शरीराशी येणारा थेट संबंध. हा भाग फॅशनवाले बोलत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत घट्ट, कृत्रिम धाग्याचे कपडे घातले की स्तनांखाली, पोटाच्या घडीत, जांघेत घाम साचतो. त्वचा त्वचेवर घासते, सोलवटते आणि त्यावर बुरशी वाढते. बाई औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेलं 'सगळ्यावर चालणारं' मलम आणते. चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा पसरतो. सुती, मापाचं अंतर्वस्त्र आणि कुर्त्याखाली मांड्यांपर्यंतची सुती शॉर्ट हा यावरचा निम्मा उपचार आहे, पण ती शॉर्ट तिच्या मापात मिळाली पाहिजे. घट्ट जीन्स किंवा पट्टा कमरेजवळच्या एका नसेवर दाब देतो आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, जळजळ सुरू होते. रुग्ण पाठीच्या मणक्याचा एमआरआय करून येतात. कपडे सैल केल्यावर पुष्कळांना आराम पडतो. जुनं सगळं चांगलं होतं असंही नाही. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बसली तर तिथे जखम होते, आणि ती भरली नाही तर क्वचित त्यातून त्वचेचा कर्करोग होतो. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी बिहारमधल्या सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये अशा दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. दुर्मीळ आजार आहे, घाबरायचं कारण नाही. पण कमरेवर काळा वळ आणि त्यात न भरणारी जखम असेल तर नाडी सैल करा, रुंद पट्टा वापरा आणि दाखवा.

आणि व्यायाम. रोज चाला असं आम्ही केसपेपरवर लिहून देतो. काय घालून चालायचं, ते लिहीत नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाने ११ ते १८ वयाच्या सुमारे २,००० शाळकरी मुलींना विचारलं तेव्हा ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे होणाऱ्या अडचणीचा आपल्या खेळावर परिणाम होतो. आपल्याकडे हा प्रश्न मुलींना कुणी विचारतही नाही. मोठ्या मापाची, नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा उपनगरातल्या साध्या दुकानात मिळणं मुश्कील, मिळाली तर किंमत परवडत नाही. मग मुलगी पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बसून राहते. एखाद्या बाईने आपल्या मापाचा छान कुर्ता मिळाला म्हणून मुद्दाम वजन वाढवलं, असं मी एवढ्या वर्षांत पाहिलेलं नाही. बाहेर पडण्यासारखे कपडे नाहीत म्हणून चालणं, लग्नकार्यं, नोकरीची मुलाखत सोडून दिलेल्या मात्र खूप पाहिल्या आहेत.

तर मग वजनाने काहीच बिघडत नाही का? बिघडतं. 'कुठल्याही वजनाला निरोगी' अशी जी एक घोषणा चालते ती मला मान्य नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणं, यकृतात चरबी साचणं या सगळ्यांची शक्यता चरबीबरोबर वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या जास्त वजनाच्या भारतीय स्त्रियांचं प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झालं. फक्त कुणाचं बिघडलंय हे बाहेरून बघून सांगता येत नाही, आणि याचा सर्वात सुंदर पुरावा आपल्या पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचं एक छायाचित्र छापलं. दोघेही सडपातळ. उंचीच्या हिशेबात वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला दिसलं की ही गोष्ट जन्मापासूनची आहे. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्यामानाने जवळपास तेवढीच. दिसायला बारीक, आतून चरबीदार. त्यामुळे मालिकेतल्या चवळीच्या शेंगेला मधुमेह असू शकतो आणि पाटी उचलणाऱ्या मावशींची साखर नॉर्मल येऊ शकते. दोन्ही प्रकार मी दर आठवड्याला बघते. ज्याला कुणी जाड म्हणत नाही त्याची तपासणी कुणी करत नाही, हा या हेटाळणीचा आणखी एक तोटा. तो बारीक माणसाला भोगावा लागतो.

मुळात तो बीएमआय डॉक्टरने शोधलेलाच नाही. बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना हे सूत्र मांडलं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ मध्ये अमेरिकेचे ॲन्सेल कीज यांनी दिलं. लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते बरं आहे, एका माणसाचा निकाल लावायला अपुरं. जानेवारी २०२५ मध्ये ५० हून अधिक तज्ज्ञांच्या 'लॅन्सेट' आयोगाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: चरबी जास्त आहे पण अवयव नीट चालले आहेत ती अवस्था वेगळी, आणि चरबीमुळे श्वास, हृदय, सांधे, साखर बिघडली आहे तो आजार वेगळा. पहिल्या अवस्थेत लक्ष ठेवायचं, दुसऱ्यात उपचार करायचे. भारतीयांनी निदान कंबर मोजावी. पुरुषांची ९० सेंटिमीटरपुढे आणि बायकांची ८० सेंटिमीटरपुढे असेल तर साखर, रक्तदाब, चरबी आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. पँटच्या मापावर जाऊ नये, ती पोटाखाली बांधलेली असते.

'कमी खा, मनावर ताबा ठेव' हा सल्ला सोपा आहे, शरीर ऐकत नाही. डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक व्यक्तींची माहिती १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं वजन जन्मदात्यांशी जुळत होतं, वाढवणाऱ्या आईबापांशी नाही. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. दुष्काळ पडलाय असं समजून शरीर काटकसर करतं. यात भर आमच्या औषधांची. स्टेरॉइड, काही मनोविकारांची आणि फिटची औषधं, इन्सुलिन यांनी वजन वाढतं, आणि गोळी लिहून देणारा तेच वजन पाहून पुढच्या भेटीत रागावतो. २०२५ मध्ये भारतात आलेली नवी इंजेक्शनं खरोखर काम करतात, पण महाग आहेत, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. लग्नाआधी तीन महिने घ्यायची ही औषधं नव्हेत. ज्याला आजार आहे त्यानेच, डॉक्टरच्या देखरेखीत आणि दीर्घकाळ घ्यायची आहेत.

म्हणून माझं रुग्णांना सांगणं असं असतं की कपडे आजच्या मापाचे आजच घ्या. 'पाच किलो उतरले की घेईन' म्हणून कपाटात ठेवलेला ड्रेस वजन उतरवत नाही, रोज सकाळी कपाट उघडताना टोचतो तेवढा. उपचार त्याच्या गतीने चालू राहतील. घरच्यांना सांगते, जेवताना तिच्या ताटाकडे बघून बोलू नका; हवं तर सगळ्यांच्या ताटातली भाजी वाढवा.

आणि ब्लाउज शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याकडून एक माप मागून घ्या. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, दंडाचा घेर. तो ३४ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेतेरा इंचांपेक्षा जास्त असेल तर रक्तदाबाचा साधा पट्टा तुम्हाला चालत नाही, मोठा लागतो. ४४ सेंटिमीटरच्या पुढे त्याहून मोठा. घरी मशीन असेल तर पट्ट्यावर छापलेलं माप तपासा. रुग्णालयात केसपेपरवर नावाखाली हा आकडा लिहून घ्या आणि पट्टा बांधायला आलेल्या सिस्टरना आधी तो दाखवा. त्या किल्ली मागवतील.